सूर्य मावळला होता का?

ठाण्यातल्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, भिंतीवर दोन कॅलेंडरं शेजारीशेजारी टांगलेली आहेत. एक आपलं नेहमीचं कालनिर्णय. दुसरं सिनेगॉगमधून आलेलं, प्रत्येक तारखेखाली बारीक अक्षरात हिब्रू तिथी असलेलं. (हे घर शोधत येऊ नका. माणसं मी रचलेली आहेत, भांडण तेवढं खरं आहे.) घर मामांचं. मामा बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, बँकेतून निवृत्त झालेले, पंचाहत्तरीच्या उंबऱ्यावर. ओळखीतल्या घरांमधल्या गेलेल्या माणसांच्या वर्षाच्या तिथ्या ते एका लांबट हिशेबाच्या वहीत लिहून ठेवतात आणि दर वर्षी एलूल या ज्यू वर्षाच्या शेवटच्या महिन्यात बसून पुढच्या वर्षाची यादी काढतात. अमक्याच्या आईचं कधी, तमक्याच्या काकाचं कधी, हश्काबा, म्हणजे गेलेल्यांसाठीची प्रार्थना, कोणत्या शनिवारी म्हणायची, कुणाला आधी फोन करायचा.

भाची पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये. मी शेजारी, चहाला गेलेलो, म्हणून साक्षीदार.

तर एलूल चालू होता. जुने बेने इस्राएल लोक या महिन्याला रमजान म्हणत, कारण त्यात रोजे धरत. येणारं ज्यू वर्ष 5787. मामांनी वही उघडली आणि भाचीने लॅपटॉप.

भाची : मामा, या वर्षी ते पाठांतर, ती बोटांवरची मोजणी काही नको. मी हेबकॅल जोडलंय.

मामा : कशाला जोडलंयस?

भाची : माझ्या एआय असिस्टंटला. सेटिंगमध्ये एक पत्ता टाकायचा, बस. आता त्याला मराठीत विचारलं तरी तो तिथून तिथी आणतो.

मामा : हेबकॅल मला माहीत आहे. शुक्रवारी दिवे लावायची वेळ मी तिथेच बघतो. त्यात मध्ये हा बोलका दलाल कशाला?

हेबकॅल ही ज्यू कॅलेंडरची गणितं करणारी प्रणाली. 1992 मध्ये डॅनी सॅडिनॉफ यांनी ती लिहायला घेतली तेव्हा तो संगणकाच्या काळ्या पडद्यावर आज्ञा टाईप करून चालवायचा एक छोटा प्रोग्राम होता. पुढे तिचं संकेतस्थळ झालं. वर्षाचे सण, गावागावाच्या दिवेलागणीच्या वेळा, दर शनिवारी वाचायचा तोराचा, म्हणजे धर्मग्रंथाचा, भाग, हिब्रू तारखेची इंग्रजी आणि इंग्रजीची हिब्रू, गेलेल्या माणसाची पुढच्या अनेक वर्षांची तिथी, हे सगळं तिथे फुकट मिळतं. आता त्यांनी एआय सहायकांसाठी वेगळा दरवाजा उघडून दिला आहे. त्या दरवाजाच्या पद्धतीला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल म्हणतात, तोंडी एमसीपी. अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर 2024 मध्ये ती सगळ्यांसाठी खुली केली आणि पुढे इतर मोठ्या कंपन्यांनीही उचलली.

भाची : दलाल नव्हे रे. आधी काय होतं, हा असिस्टंट आठवणीवर बोलायचा. त्याने ढीगभर वाचलेलं असतं, पण तो मोजत नाही, शब्दाला शब्द जोडत जातो. मी एकदा एका असिस्टंटला दोन अदार महिने असलेल्या एका लीप वर्षातला पुरीमचा सण विचारला, तर त्याने दुसऱ्याऐवजी पहिल्या अदारातली तारीख दिली. सरळ एक महिना आधीची. आणि सांगितलं असं छातीठोक, की मी तयारीला लागले असते.

मामा : आणि आता?

भाची : आता तो हेबकॅलच्या सर्व्हरला पहिल्यांदा विचारतो, तुझ्याकडे कायकाय आहे? सर्व्हर यादी देतो. हे तारीख बदलून देणारं हत्यार, हे सणांचं, हे तिथीचं. प्रत्येकाला काय माहिती पुरवावी लागते तेही त्यात लिहिलेलं असतं. मग मी विचारलं की तो त्यातलं योग्य ते उचलतो, तारीख भरतो, गणित तिकडे होतं, आणि उत्तर घेऊन तो माझ्याकडे येतो. म्हणजे तो सांगत नाही, विचारून येतो.

मी : म्हणजे वर्गातल्या थापाड्या मुलाला आता पंचांग बघून यायला पाठवता.

भाची : काका, अगदी तेच!

मामा : पंचांग बदललं, पण येऊन सांगणारा पोऱ्या तोच ना?

मामांच्या या प्रश्नापाशी मी थोडा वेळ थांबतो, कारण पुढचं सगळं भांडण त्यातूनच निघालं. भाचीने आढेवेढे न घेता कबूल केलं, हो, पोऱ्या तोच. सर्व्हर जोडलेला असूनही तो कधीकधी तिकडे न जाताच आठवणीवर उत्तर ठोकून देतो. सर्व्हरने चार ओळी दिल्या तर त्यातली त्याला महत्त्वाची वाटलेली एकच आपल्याला ऐकवतो. म्हणून तो खरंच विचारून आला का, हे पडद्यावर तपासायला लागतं. हत्यार वापरल्याची खूण तिथे दिसते. ‘खूण नसेल तर विश्वास ठेवायचा नाही,’ ती म्हणाली. मामांनी मान डोलावली. विश्वास ठेवण्याआधी खूण बघणं ही बँकेतली सवय.

मामा : पण मला एक सांग. गणित अडत कुठे होतं? एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत 29 दिवस, 12 तास आणि 793 हलाकीम. तासाचे 1080 हलाकीम. एकोणीस वर्षांत सात वेळा तेरावा महिना. तिसरं, सहावं, आठवं, अकरावं, चौदावं, सतरावं, एकोणिसावं. वर्षारंभीचा नव्याचा सण रविवारी, बुधवारी, शुक्रवारी येऊ द्यायचा नाही, आला तर ढकलायचा. हे मी शाळकरी वयात शिकलो. 5787 ला एकोणीसने भाग, बाकी अकरा. लीप. झालं.

भाची : तुला झालं. मला नाही झालं. आणि तुझ्यानंतर कुणाला होणार आहे?

मामा काही बोलले नाहीत. मी त्या 793 वर अडकलो होतो. हलाकीममधला एक हेलेक म्हणजे सव्वातीन सेकंदांहून किंचित जास्त. आपलं पळ चोवीस सेकंदांचं. मोजमापाचं वेड दोन्हीकडे सारखंच, पण स्वभाव वेगळे. आपलं पंचांग खऱ्या सूर्यचंद्रामागे धावतं, म्हणून तिथीचा क्षय होतो, वृद्धी होते, अधिक मास कधी श्रावणात येतो तर कधी ज्येष्ठात. ज्यूंचं कॅलेंडर सरासरी चंद्रावर बांधलेलं. एकदा नियम ठरले की आकाशाकडे बघायचं काम उरत नाही, आणि जादा महिना नेहमी अदारच्याच दाराशी येतो. म्हणून तर दोन्हींची गाठ पडते आणि सुटते. 2025 मध्ये घटस्थापना 22 सप्टेंबरला होती आणि रोश हशाना, ज्यूंचं नवं वर्ष, 23 ला. 2026 मध्ये आपल्याकडे अधिक ज्येष्ठ आला आणि घटस्थापना 11 ऑक्टोबरवर गेली. त्यांचं नवं वर्ष 12 सप्टेंबरलाच. त्यांचा जादा महिना 2027 मध्ये येईल तेव्हा ती फट पुन्हा बुजेल. संगणकाला असली कॅलेंडरं आवडतात. चंद्र ढगाआड गेला तरी ती चुकत नाहीत.

मामा : बरं, तुझा तो पोऱ्या मराठी समजतो म्हणालीस. विचार त्याला, दारफाळणीचा सण कधी आहे.

भाचीने टाईप केलं. उत्तर आलं ते दाराच्या तोरणाविषयी दोन छान परिच्छेदांचं. तारीख नाही.

मामा : (माझ्याकडे वळून) बघितलंत?

भाची : मामा, तू योम किप्पूर म्हण की! लगेच सांगेल. 21 सप्टेंबर, सोमवार.

मामा : मी का म्हणू? माझी आजी नाही म्हणायची. नव्याचा सण म्हणायची, खिरीचा सण म्हणायची. दारफाळणीला दारं लावून घरात बसायचं, कुणाकडे जायचं नाही, कुणाला शिवायचं नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण. पेसाहला अनशी ढाकायचा सण, तिशा बेआवला बिरड्याचा. आणि पुरीमला होळीचा सण, कारण पौर्णिमा तीच. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आलेल्या आमच्या पूर्वजांच्या सात जोडप्यांकडे, म्हणतात ना, पुस्तक नव्हतं. तेल गाळायचं, शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून लोकांनी शनवार तेली नाव ठेवलं. त्यांनी तिथ्या कशावर धरल्या असतील? शेजाऱ्यांच्या चंद्रावर आणि स्वयंपाकघरावर.

हाईम शमुएल केहिमकरांनी 1897 मध्ये लिहून ठेवलेल्या बेने इस्राएलांच्या इतिहासात ही सणांची नावं आहेत. ते पुस्तक छापलं गेलं 1937 मध्ये, तेल अवीवला. मराठीत हग्गादा, पेसाहच्या रात्री वाचायची पोथी, तर त्याच्याही आधीची, 1846 ची, मुंबईत शिळाछापावर काढलेली. म्हणजे ही नावं कुठे तरी कागदावर आहेत. सर्व्हरच्या यादीत मात्र नाहीत. तिथे इंग्रजी आहे, हिब्रू आहे, आणखी बऱ्याच भाषा आहेत.

भाची : हे सोपं आहे. मी एक छोटा तक्ता करून देते, डावीकडे तुझी नावं, उजवीकडे त्यांची. असिस्टंटला आधीच सांगून ठेवायचं, या घरात योम किप्पूरला दारफाळणी म्हणतात. मग तो तक्त्यातून सर्व्हरकडे जाईल. उलट हीच तर जोडण्यातली गंमत. हेबकॅलला मराठी शिकायला नको आणि तुला इंग्रजी बोलायला नको.

मामा : तक्ता कोण करणार?

भाची : तू सांगणार, मी लिहिणार.

मामा : मग तो तक्ताच छापून भिंतीवर लाव. त्यात असिस्टंट कशाला?

मला हसू आलं, पण भाचीचा मुद्दा मला त्या घटकेला जास्त पटला होता. तक्ता भिंतीवर लागला तर तो ठाण्याच्या या खोलीपुरता. तोच असिस्टंटकडे गेला तर इस्राएलमधल्या अश्दोदच्या, लोदच्या, दिमोनाच्या त्या घरांतही पोचेल जिथे आजी अजून मराठीत रागावते आणि नातवाला हिब्रूशिवाय काही येत नाही. 1948 नंतर बेने इस्राएलांची बरीचशी घरं तिकडे गेली. तिकडून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही निघत आलं आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं.

आणि अश्दोद आलं की दुसरी भानगड येते. इस्राएलमध्ये शावुओतचा सण एक दिवस, बाहेर दोन दिवस. 2026 मध्ये तो 22 मेला, शुक्रवारी आला. इस्राएलात दुसऱ्या दिवशी साधा शनिवार होता, त्यांनी नेहमीचा पुढचा भाग, नासो, वाचला. ठाण्यात त्या शनिवारी सण चालूच होता, म्हणून सणाचं वाचन झालं आणि नासो गेलं 30 मेवर. तेव्हापासून जवळजवळ महिनाभर एकाच कुटुंबातले दोन भाऊ तोराच्या दोन वेगळ्या पानांवर होते. 27 जूनला ठाण्याने दोन भाग एकत्र वाचले तेव्हा कुठे पानं जुळली.

भाची : त्या महिन्यात मावसभाऊ अश्दोदहून रोज विचारायचा, तुमचं कुठे चाललंय? मी त्याला सांगितलं, सर्व्हरला फक्त ‘इस्राएल’ की ‘बाहेर’ एवढं कळवायचं. दोन्हीकडचं बरोबर येतं.

मामा : आणि कळवायचं राहिलं तर?

भाची : तर तो स्वतःच काही तरी धरून चालतो.

मामा : कोणाला न सांगता.

भाची : हो. पण तूही धरून चालतोसच ना? वहीत कुठे लिहिलंयस ‘बाहेरचं’ म्हणून?

मामा : वही ठाण्यात आहे. वही कुठे आहे ते वहीला माहीत आहे.

हे वाक्य मी घरी येऊन लिहून ठेवलं.

यानंतर मामांनी एकामागून एक दोनतीन शंका काढल्या, त्या मी भरभर सांगतो. मेलेल्या माणसांची नावं परक्याच्या हाती का द्यायची? भाची म्हणाली, सर्व्हरला नाव लागतच नाही, नुसती तारीख पुरते. असिस्टंटशी बोलतानाही नाव गाळावं, ‘आजोबा’ म्हटलं तरी चालतं. मग शब्बाथ, शनिवारचा विसाव्याचा दिवस. शुक्रवारी सूर्य बुडायच्या अठरा मिनिटं आधी दिवे लागले की फोन बंद. नेमका ज्या दिवशी प्रश्न पडतो त्या दिवशी विचारायचं कोणाला? भाची म्हणाली, गुरुवारी विचार, कागदावर उतरव. यावर मामा विजयी मुद्रेने म्हणाले, ‘म्हणजे शेवटी भिंत.’ तिने हात जोडले.

मग अदार निघाला, आणि आवाज चढले.

मामा : आता हे ऐक. साध्या वर्षात अदार एकच. एखादा माणूस त्या अदारात गेला. पुढे लीप वर्ष आलं, त्यात अदार दोन. त्याची तिथी कोणत्या अदारात?

भाची : नियम असणारच.

मामा : दोन आहेत. शुल्हान आरुख हा धर्मनियमांचा ग्रंथ लिहिणारे योसेफ कारो दुसरा अदार सांगतात. क्राकोचे मोशे इस्सेर्लेस त्यावरच टीप लिहितात की रिवाज पहिल्या अदाराचा आहे. काही जण दोन्ही पाळतात म्हणून. दोघेही सोळाव्या शतकातले, दोघेही मोठे. मध्य आणि पूर्व युरोपातले अश्केनाझी लोक बहुतेक इस्सेर्लेसांच्या मागे, स्पेनकडच्या परंपरेचे सेफार्दी कारोंच्या मागे. आपली प्रार्थना सेफार्दी वळणाची. माझ्या वडिलांनी दुसरा धरला, मी दुसरा धरतो. तुझ्या त्या यादीत वर्षाच्या तिथीला यार्त्साइट लिहिलंय. तो शब्द यिद्दिश आहे, अश्केनाझींच्या बोलीतला, आपल्या घरात कधी कुणी बोललेला नाही. ज्याचा शब्द यिद्दिश, त्याचा अदार कोणता असेल?

भाची : बहुधा पहिला.

मामा : मग ठाण्यातल्या एखाद्या मुलाला तो सर्व्हर महिनाभर आधीची तारीख देणार. गणित शंभर टक्के बरोबर, आणि तिथी दुसऱ्याच्या घरची. मघाशी तू सांगितलंस ना, असिस्टंटने पुरीम एक महिना आधी सांगितला म्हणून तुला राग आला. ती चूक निदान चूक म्हणून पकडता येत होती. ही पकडताच येणार नाही, कारण ही चूकच नाही.

भाची गप्प झाली. मला राहवेना.

मी : मामा, आमच्या कालनिर्णयमध्ये कधीकधी लागोपाठ दोन दिवसांवर एकादशी छापलेली असते. एका दिवशी स्मार्त, दुसऱ्या दिवशी भागवत. ज्या घराला जी लागू त्याने ती धरावी. कालनिर्णयच्या साळगावकरांनी 1973 पासून तो वाद मिटवायचा प्रयत्न केलेला मला आठवत नाही, चौकोनात दोन्ही छापून टाकल्या. मग सर्व्हरने दोन्ही अदार का देऊ नयेत?

भाची : देऊ शकतो! तेच म्हणतेय मी. हे लोक ऐकतात, त्यांचं गणित उघड्यावर आहे, कुणीही वाचू शकतं, सुधारणा सुचवू शकतं. शिवाय जोडलेल्या असिस्टंटचा इथेच उपयोग. छापील यादी मला उलटा प्रश्न विचारू शकत नाही. हा विचारू शकतो, तुमच्या घरात पहिला की दुसरा?

मामा : विचारतो का?

भाची : शिकवलं तर.

मामा : कोण शिकवणार? ज्याला दोन रिवाज आहेत हे माहीत आहे तो. ज्याला माहीत आहे त्याला विचारायची गरज नाही. ज्याला माहीत नाही तो एक तारीख घेऊन खूश होऊन जाणार. आधी असं पोरगं फोन करायचं. मी विचारायचो, आई कुठली तुझी, पेणची का रेवदंड्याची? आजोबा काय करायचे? तारीख शेवटी सांगायचो. तोपर्यंत त्याला दोन नातेवाईक कळलेले असायचे.

भाची : आणि तुझा फोन लागला नाही की काय करायचं पोरगं?

मामा : ...

भाची : नाही, सांग ना. मागच्या वर्षी तू पंधरा दिवस हॉस्पिटलमध्ये होतास. किती फोन आले? मामीला काही सांगता आलं नाही. दोन घरांची तिथी निघून गेली. दुसऱ्याच्या घरची तर दुसऱ्याच्या घरची, निदान काही तरी पाळलं गेलं असतं.

माझा कौल इथे डळमळला, हे कबूल करतो. चाळीतल्या गुरुजींच्या जागी मोबाईलमधलं पंचांग आलं तेव्हा मीही नाक मुरडलं होतं, आणि श्राद्धाची तिथी अपराह्णी बघायची असते हे मला त्या मोबाईलमुळेच पहिल्यांदा कळलं होतं. गुरुजींना मी कधी विचारलंच नव्हतं. ते सांगतील त्या दिवशी पाटावर बसायचो.

चहा पुन्हा आला. भाचीने आवाज खाली आणला.

भाची : एक करून बघू. आजोबांचंच. तुझ्या वहीत काय आहे?

मामांनी पान काढलं. शाईने लिहिलेलं होतं, 9 अदार 5777. बाजूला इंग्रजी तारीख, 7 मार्च 2017, मंगळवार.

भाची : म्हणजे साधं वर्ष, आणि 2027 मध्ये दोन अदार. आपली केस. मी तीनच गोष्टी सांगते. इंग्रजी तारीख, ठाणे, आणि आमच्याकडे दुसरा अदार धरतात.

तिने लिहिलं. पडद्यावर काही तरी फिरलं. उत्तराऐवजी प्रश्न आला, आणि तो तिने मोठ्याने वाचला : मृत्यू सूर्यास्ताच्या आधी झाला की नंतर? ज्यू दिवस संध्याकाळी बदलतो, त्यामुळे तिथी एका दिवसाने पुढे जाऊ शकते.

मामा : (जरा रागाने) मला शिकवतो का हा? वहीत 9 आहे म्हणजे 9.

भाची : तू होतास तेव्हा इथे?

मामा : मी अश्दोदला होतो, थोरल्याकडे. फोन आला तेव्हा दुपारचे चार वाजले होते. चांगलं ऊन होतं. भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यात 9 अदार. तिथेच लिहून घेतलं, नंतर वहीत उतरवलं.

कुणी काही बोललं नाही. हिशेब अवघड नव्हता. मार्चच्या सुरुवातीला अश्दोदचं घड्याळ ठाण्याच्या साडेतीन तास मागे असतं. तिकडचे चार म्हणजे इकडचे साडेसात. ठाण्यात त्या दिवसांत पावणेसातच्या सुमारास सूर्य मावळतो. फोन आला तेव्हा इथे केव्हाच 10 अदार लागलेला होता.

मामांनी चष्मा काढून पुसला.

मामा : फोन साडेसातला. पण बाबा गेले कधी? फोन लगेच थोडाच केला असेल. डॉक्टर यायचे होते, शेजारी यायचे होते.

भाची : दाखल्यावर वेळ आहे?

मामा : दाखल्यावर सात आहे. ती डॉक्टर आले ती वेळ.

भाची : 9 असेल तर 2027 मध्ये 18 मार्च. 10 असेल तर 19 मार्च, शुक्रवार.

मामांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली.

मामा : अगं, बाबा गेले तेव्हा दिवे लागले होते का?

मामी : कुठले दिवे?

मामा : आपल्या घरातले.

मामी : घरातले लागले होते. मीच ट्यूब लावली, वळले, तर मामंजींचा हात पलंगावरून खाली आलेला.

भाची : आणि मामी, बाहेर अंधार होता?

भांड्यांचा आवाज थांबला.

मामी : बाहेर नव्हता गं. खाली मुलं खेळत होती. मी खिडकीतून त्यांना ओरडले ना, गप्प बसा म्हणून. चेंडू दिसत असणार, त्याशिवाय का खेळतील?

मामा : तिन्हीसांजेची वेळ. (माझ्याकडे बघत) आमच्यात त्याला बेन हश्माशोत म्हणतात. दोन सूर्यांच्या मधलं. ना हा दिवस ना तो. त्यावर शेकडो वर्षं वाद चालू आहे.

पडद्यावर प्रश्न तसाच होता. आधी, की नंतर. तिसरा पर्याय नव्हता. भाचीने बोट उचलून घेतलं आणि लॅपटॉप मामांच्या बाजूला सरकवला. मामांनी लॅपटॉपला हात लावला नाही. वही ओढली, शाईतला 9 तसाच ठेवला आणि त्याच्या शेजारी पेन्सिलने, अगदी हलक्या हाताने, 10 लिहिला.

मामी पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या.

‘इतकी वर्षं झाली,’ त्या म्हणाल्या, ‘मला कुणी विचारलंच नव्हतं.’